गायरान कोणाचं? नरपत जोधा यांच्या अर्थशास्त्राची उलटतपासणी



या व्याख्यानमालेत आमचं हे दुसरं पुष्प. मागच्या खेपेला आम्ही कांटवर बोललो होतो. तेव्हा तासाभरात पहिल्या रांगेतले दोन सद्गृहस्थ शांत झोपी गेले. व्यासपीठावरून हे सगळं नीट दिसतं बरं का. (हशा) म्हणून यंदा गायरान घेतलं. सातबाऱ्याचा विषय निघाला की मराठी माणूस सहसा झोपत नाही.

पत्रिकेवर नाव आहे नरपत जोधा यांचं. ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांनी संकोच करू नये. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षं हे नाव आमच्याही कानावर नव्हतं. वितरणात्मक न्यायावर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्यानं एकदा एका जुन्या लेखाची झेरॉक्स आमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘सर, रॉल्स बाजूला ठेवा, आधी हे वाचा.’ लेख १९८६ सालचा, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधला. विषय असा : भारताच्या कोरडवाहू भागातली सामाईक संपत्ती आणि तिथले गरीब. विद्यार्थ्याचं म्हणणं आम्ही ऐकलं, आणि त्याबद्दल आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

आज त्या लेखाची आम्ही जोधांच्याच १९८८ सालच्या दुसऱ्या एका लेखाशी गाठ घालून देणार आहोत. आमची तक्रार आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या लेखात जोधांनी गरिबी मोजण्याची एक विलक्षण फूटपट्टी घडवली. ती त्यांनी मागे वळून पहिल्या लेखातल्या प्रश्नाला लावलेली नाही. आणि ती लावली नाही म्हणून महाराष्ट्रातल्या गायरानाचं भांडण त्यांच्या तक्त्यात मावत नाही.

आता जरा मागे जाऊ. १९६८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञानं एक लेख लिहिला. त्यातलं चित्र सगळ्यांना पाठ आहे. एक मोकळं कुरण आहे, प्रत्येक गुराख्याला वाटतं की आपण आणखी एक जनावर सोडावं, कारण फायदा आपल्या एकट्याचा आणि तोटा सगळ्यांत वाटला जातो. सगळेच असा विचार करतात आणि कुरण उजाड होतं. म्हणून जे सर्वांचं ते कोणाचंच नाही, तेव्हा त्याला एक तर मालक द्या नाही तर सरकार द्या. या एका लेखानं जगभरच्या नियोजनकर्त्यांना फार सोयीचं हत्यार दिलं. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं की हार्डिनचं कुरण हे सामाईक नव्हतंच, ते बेवारस होतं. सामाईक जमिनीला माणसं असतात, नियम असतात, मोडणाऱ्याला दंड असतो. त्या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

जोधांची वाट या दोघांहून वेगळी. मूळचे राजस्थानचे, जोधपूरच्या शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत काम केलेले, नंतर हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये आणि पुढे काठमांडूच्या पर्वतीय विकास संस्थेत गेलेले. सिद्धान्त मांडण्याची त्यांना घाई नव्हती. त्यांनी गावात जाऊन मोजायला सुरुवात केली. आंध्र, गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि तमिळनाडू अशी सात राज्यं, त्यांतले २१ जिल्हे, ऐंशीहून अधिक गावं. इक्रिसॅटचा गावपातळीवरचा अभ्यास १९७५पासून चालू होता आणि त्यातली काही गावं आपल्याकडची आहेत : सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातलं कंझारा आणि किनखेड. तिथं संशोधक येऊन राहत, वर्षानुवर्षं त्याच घरांच्या नोंदी ठेवत. अर्थशास्त्रात ही चिकाटी दुर्मीळ.

मोजलं काय? सरपण, चारा, शेण, गोवऱ्या, रानभाज्या, बोरं, डिंक, गवत, झोपडी शाकारायला लागणारा पाला, जनावरांच्या चराईचे दिवस. जे बाजारात जात नाही, ज्याची पावती होत नाही, जे बहुतेक वेळा बाई किंवा पोर डोक्यावर घेऊन येतं, ते सगळं. याची किंमत लावून बेरीज केली तेव्हा असं दिसलं की गरीब घरांच्या बाकीच्या सगळ्या उत्पन्नाच्या मानानं हा भाग साधारण १४ ते २३ टक्के भरतो. सधन घरांसाठी तो नगण्य होता. म्हणजे सामाईक जमीन धरली नाही तर गावातली विषमता आहे त्याहून जास्त भरते.

दुसरी गोष्ट त्यांनी मोजली ती या जमिनीची घट. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८०च्या दशकापर्यंत सामाईक जमिनीचं क्षेत्र सगळीकडे कमी झालं होतं, अनेक ठिकाणी तिसऱ्या हिश्शाहून जास्त. लोकसंख्या वाढली म्हणून जमीन संपली, हे सोपं उत्तर त्यांनी स्वीकारलं नाही. जमीन खाजगी करण्यात आली होती, आणि तेही गरिबांच्या नावानं. प्रत्यक्षात मोठा वाटा आधीच जमीन असलेल्यांकडे गेला. गरिबांना जो तुकडा मिळाला तो बरेचदा खडकाळ. बैल नाही, बी नाही, विहिरीचा प्रश्नच नाही. मग तो तुकडा गहाण पडला, खंडानं गेला, विकला गेला. गरिबाचं गायरानही गेलं आणि शेतही राहिलं नाही.

या लेखाचं मोठेपण कमी करायला आम्ही इथे उभे नाही. सरकारी कागदात ‘पडीक’ असा शिक्का बसलेल्या जमिनीवर कोणीतरी जगतंय, हे त्यांनी आकड्यांत सांगितलं. आकड्यांखेरीज काही ऐकू न येणाऱ्या लोकांना सांगितलं. ‘पडीक’ हा शब्द महसुलाच्या दृष्टीचा आहे, हे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना भाषेच्या विश्लेषणातून कळतं. जोधांना ते सरपणाच्या मोळ्या मोजून कळलं, आणि त्यांचा मार्ग जास्त खात्रीचा होता.

आता उलटतपासणी.

पहिला मुद्दा लहान आहे, पटकन उरकू. १४ ते २३ टक्के हा आकडा पुढे फार हिंडला. परिसंवादांत, अहवालांत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत तो ‘भारतातल्या गरिबांचं उत्पन्न’ म्हणून येऊ लागला. जोधांनी तो कोरडवाहू जिल्ह्यांच्या निवडक गावांतल्या गरीब घरांबद्दल दिला होता. १९९८ साली राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५४व्या फेरीत देशभर हाच प्रश्न विचारला गेला. निम्म्याच्या जवळपास, म्हणजे ४८ टक्के ग्रामीण घरं सामाईक जमिनीवरून काही ना काही गोळा करतात असं निघालं. पण त्याची सरासरी किंमत घरामागे वर्षाला ६९३ रुपये, म्हणजे घरखर्चाच्या सुमारे ३ टक्के. काहींनी लगेच टाळी वाजवली की बघा, जोधा फुगवून सांगत होते. तसं नाही. पाहणीनं बागायती पट्ट्यातलं घर आणि माळरानावरचं घर, जमीनदार आणि भूमिहीन, यांची एकच सरासरी काढली. आमच्या घरची आणि वाड्यामागच्या पालातली मिळून सरासरी काढली तर दोघंही पोटभर जेवतात असंच दिसेल. दोष जोधांचा इतकाच, की आपला आकडा कुठवर चालतो याची पाटी त्यांनी आणखी ठळक लावायला हवी होती.

दुसरा मुद्दा किमतीचा. गोवरीची किंमत लावल्याशिवाय गोवरी दिसत नाही, हे मान्य. पण एकदा किंमत लागली की ती चुकती करता येते. आज मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी दिल्या जातात आणि त्यांत गायरानंही आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगलाच आहे, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण गायरानाला कुंपण पडलं की भरपाई कोणाला? सातबारा काढून पाहा. मालकाच्या रकान्यात ‘सरकार’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० सांगतं की जे दुसऱ्या कोणाचं नाही ते राज्याचं. कलम २२ खाली जिल्हाधिकारी ती गुरचरणासाठी राखून ठेवतो. गावाकडे वापर आहे, मालकी नाही. आणि गावातही ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसा आला तर त्याची गटारं होतील, सभामंडप होईल. जी बाई तिथून रोज सरपण आणत होती तिच्या चुलीपर्यंत तो पोहोचण्याचा रस्ता कोणत्याही कायद्यात नाही. जोधांनी तिचं उत्पन्न मोजलं. तिचा हक्क कुठे नोंदला जाईल, हा प्रश्न त्यांच्या मोजणीनं उभा केला आणि अर्धवट सोडला.

हे दोन्ही मुद्दे कोणीही काढू शकतो. आम्ही ज्यासाठी आलो तो तिसरा.

‘सामाईक’ या शब्दात एक ‘आम्ही’ दडलेला असतो. आमचं गायरान, आमचा तलाव, आमची देवराई. हा ‘आम्ही’ कोण? मघापासून आम्ही इथे ‘आम्ही, आम्ही’ म्हणतो आहोत. ती मास्तरकीची जुनी खोड, तिच्यात आम्ही एकटेच असतो. (हशा) गावाच्या ‘आम्ही’त मात्र पुष्कळ माणसं असतात आणि ती एका पातळीवर उभी नसतात.

आमचं गाव सीनेच्या काठचं. घरची कोरडवाहू शेती होती, बऱ्यापैकी होती. १९६०च्या आसपासची गोष्ट. सकाळी आमचा गुराखी जनावरं गायरानात न्यायचा. त्याच गायरानाच्या एका कडेला मेलेली ढोरं ओढून नेऊन टाकायची जागा होती आणि ती ओढून न्यायचं काम कोणाचं, हे जन्मानं ठरलेलं होतं. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या बाया शेण गोळा करायला यायच्या. त्यांना कोणी अडवत नव्हतं. पण आमच्या घरचा दंडक होता की आमच्या जनावरांचं शेण आधी आमच्या गुराख्यानं पाटीत भरायचं आणि उरलं तर त्यांनी घ्यायचं. गायरान सर्वांचं होतं. शेण मात्र क्रमानं होतं. हे सांगताना आम्हाला अवघड वाटतं, पण आज या विषयावर बोलायचं तर ते लपवून बोलता येणार नाही.

जोधांना हे दिसलं नव्हतं असं नाही. राजस्थानावर १९८५ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलंय की जहागिरी होत्या तेव्हा कुरणं टिकली, कारण जहागीरदार चराईचा कर घ्यायचा, ठरावीक काळ रान बंद ठेवायचा आणि तळ्यातला गाळ काढायला लोकांना सक्तीनं लावायचा. जहागिरी गेल्या, कर गेला, सक्ती गेली. राखण करणारं कोणी उरलं नाही. निरीक्षण बिनचूक आहे. पण त्यातून जे विचारायला हवं होतं ते मागे पडलं. त्या हिरव्या कुरणाच्या हिशोबात बेगारीची मजुरी कोणत्या रकान्यात धरायची? सक्तीनं राखलेलं कुरण आणि संमतीनं राखलेलं कुरण हेक्टरमध्ये सारखंच भरतं.

जोधांच्या १९८६च्या तक्त्यात दोनच गट आहेत : ‘गरीब’ आणि ‘इतर’. गरीब म्हणजे शेतमजूर आणि कोरडवाहू हिशोबानं दोन हेक्टरांहून कमी जमीन असलेले शेतकरी. जातीचा रकाना नाही. त्यामुळे दीड हेक्टरवाला कुणबी आणि चार पिढ्या भूमिहीन असलेला मांग एकाच ओळीत बसतात. उत्पन्न पाहिलं तर बसावेतही. पण गायरान राखायचं की वाटायचं, असा ठराव ग्रामसभेत आला की हे दोघे एकाच बाजूला हात वर करत नाहीत. महाराष्ट्रात तर नाहीच.

आपल्याकडचा इतिहास आठवा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ला आणि पुन्हा १९६४ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसं तुरुंगात गेली. मागणी काय होती? पडीक सरकारी जमीन, गायरान, भूमिहीनांना कसायला द्या. मराठवाड्यात लोकांनी वाट पाहिली नाही, जमिनी धरल्या, दगड वेचले, ज्वारी-बाजरी पेरली. मारही खाल्ला. २८ नोव्हेंबर १९९१चा शासन निर्णय याच रेट्यातून आला : १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करावीत. ही तारीख कोणती ते या सभागृहात सांगायला नको. निर्णयाची अंमलबजावणी अजून किती घरांपर्यंत पोहोचायची आहे, ते त्या गावांत विचारा.

आता जोधांच्या तक्त्यातून हे कसं दिसतं? सामाईक जमिनीची घट. खाजगीकरण. पुढाऱ्याच्या मेहुण्यानं दाबलेली वीस एकर आणि मातंग कुटुंबानं खडक फोडून केलेली दोन एकर एकाच बेरजेत. अतिक्रमणाचा उल्लेख जोधा करतात, बळकटांनी बळकावलं हेही सांगतात. पण वरून वाटलेली जमीन आणि खालून धरलेली जमीन या नैतिकदृष्ट्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तो भेद त्यांच्या विश्लेषणाचा कणा होत नाही. गावाविषयी घटना समितीत डॉ. आंबेडकर किती कठोर बोलले होते ते आपण जाणता. त्या कठोरपणाची एक ओळ जरी या लेखाच्या काठावर उमटली असती तरी तक्ता वेगळा झाला असता.

आणि गंमत अशी की उत्तर जोधांच्याच खिशात होतं. १९८८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तच त्यांनी गरिबीच्या वादावर लेख लिहिला आणि स्वतःच्या मताला अल्पमत म्हटलं. राजस्थानातली दोन गावं. १९६३ ते ६६ या काळात तिथल्या घरांच्या नोंदी घेतल्या होत्या, त्याच घरांकडे ते १९८२ ते ८४मध्ये परत गेले. ज्या घरांचं दरडोई खरं उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घटलं होतं ती घरं त्यांनी वेगळी काढली. अर्थशास्त्राच्या व्याख्येनं ही माणसं आणखी गरीब झाली होती. मग लोकांनाच विचारलं, बरं चाललंय हे तुम्ही कशावरून ओळखता? उत्तरांतून ३८ खुणा निघाल्या. घरातला माणूस सालानं बांधलेला आहे का? धन्याच्या जागेत राहावं लागतं का? बियाण्याला धन्याकडेच हात पसरावा लागतो का? टंचाईत मोठी माणसं एक जेवण टाळतात का? बायकापोरांच्या पायांत चप्पल असते का? माणसं आणि जनावरं वेगळी झोपतात का? उत्पन्न घटलेल्या त्या घरांची स्थिती ३८ पैकी ३७ खुणांवर सुधारली होती.

हा लेख आम्ही पहिल्यांदा वाचला त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. रुपयाची फूटपट्टी खोटी नव्हे, पण लोक ज्याला आयुष्य सुधारणं म्हणतात त्यातला मोठा भाग तिच्या बाहेर राहतो. आणि तो भाग मुख्यतः एकाच गोष्टीचा आहे : कोणाच्या तरी दारात उभं न राहणं.

आता ही फूटपट्टी घेऊन गायरानावर या. धरलेल्या दोन एकरांत जे पिकतं त्याचे रुपये करा, कदाचित पूर्वी त्याच रानातून मिळणाऱ्या चाऱ्या-सरपणापेक्षा ते फार भरणार नाहीत. अवर्षणात कमीच. १९८६च्या हिशोबानं तोटा. पण १९८८च्या खुणा विचारा. सालगडी म्हणून राहणं सुटलं का? बांधावरून शिवी खाणं थांबलं का? मुलीच्या लग्नाला कोणाच्या वाड्यावर जावं लागलं? मराठवाड्यात आम्ही काही गावांत बसून ऐकलं आहे. तिथे लोक उत्पादनाविषयी तक्रारीच करतात, पाणी नाही, डुकरं येतात, कर्ज मिळत नाही कारण सातबारा नावावर नाही. पण एका आजोबांनी सांगितलं, ‘सर, पीक येवो न येवो, सकाळी उठल्यावर कुठं जायचं ते आता मी ठरवतो.’ जोधांच्या अडतिसात ही खूण आहेच, फक्त वेगळ्या शब्दांत.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की आम्ही गायरान वाटून टाका म्हणतो आहोत. थांबा. तीच फूटपट्टी दुसऱ्या बाजूलाही लावायला लागते, नाहीतर आमची लबाडी होईल. त्याच गावात एक विधवा आहे, चार शेळ्या आहेत तिच्या. तिनं जमीन धरली नाही. धरायला घरात गडी माणूस नव्हता. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, गवत, यांवर तिच्या शेळ्या जगतात. गायरान आहे तोवर तिला कोणाच्या बांधावर शेळी नेताना विचारावं लागत नाही. ते गेलं की तिला दुसऱ्याच्या शेतात पाल्यासाठी विनवणी करावी लागेल, किंवा शेळ्या विकाव्या लागतील. मोसमात उतरणाऱ्या मेंढपाळ धनगरांचंही तेच. म्हणजे त्या आजोबांचं स्वातंत्र्य आणि या बाईचं स्वातंत्र्य एकाच रानात आहे. दोघंही जोधांच्या ‘गरीब’ या ओळीतले. ओळ एकच असल्यामुळे त्यांच्यातलं भांडण तक्त्याला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या भांडणाचा निवाडा मग दुसरेच करतात.

तो निवाडा कसा होतो पाहा. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावच्या तळ्याची जमीन लोकांनी बळकावली होती. न्यायालयानं ती सोडायला सांगितलीच, शिवाय सर्व राज्यांना गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याच्या योजना करायला सांगितलं. निकालाचा सूर जोधांच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. गावाची शतकानुशतकांची सामाईक संपत्ती, ती धनदांडग्यांनी गिळली, ती परत मिळवा. त्यात एक अपवाद आहे, आणि तो फार महत्त्वाचा : सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेली जमीन, किंवा जिथे शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय आहे ती जमीन, अशा अपवादात्मक बाबतीतच नियमित करणं चालेल. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्रानं आपला शासन निर्णय काढला. २०२२ला मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतल्यावर गावोगावी नोटिसा निघाल्या. आमच्या परिचयाच्या एका गावात पहिली नोटीस कोणाच्या घरावर लागली असेल? धाब्याचं बांधकाम होतं, मंगल कार्यालय होतं, ती दोन्ही रस्त्याला लागूनच होती. नोटीस लागली वस्तीतल्या पत्र्याच्या घराला. अपवाद निकालात होता, पण तो सिद्ध करायला कागद लागतो, आणि कागद १९९१पासून तहसिलातच पडून होता.

एक शब्दाची गोष्ट सांगायची राहिली. विदर्भात याच जमिनीला लोक ‘ई-क्लास’ म्हणतात. अकोल्याकडे एका शेतकऱ्यानं आम्हाला विचारलं होतं, ‘ए-क्लास कोणती हो मग?’ आम्हाला उत्तर आलं नाही. (हशा)

तर जोधांच्या तक्त्यात आम्ही काय बदलू? सामाईक जमिनीची घट एका आकड्यात लिहू नये. निदान तीन रकाने करावेत : सरकारनं वाटलेली, बळकटांनी दाबलेली आणि भूमिहीनांनी कसण्यासाठी धरलेली. प्रत्येकासमोर रुपये लिहावेत, कारण रुपये लागतातच. आणि त्याशेजारी त्या गावानं स्वतः सांगितलेल्या खुणा, आणि त्याही वस्तीवार वेगळ्या विचारून. पाटलाच्या ओट्यावर बसून विचारलेल्या अडतीस खुणा आणि वस्तीतल्या विहिरीवर विचारलेल्या अडतीस खुणा सारख्या निघणार नाहीत. शेळीवाल्या बाईला तिसऱ्या ठिकाणी, एकटीला विचारावं लागेल. हे काम खर्चीक नाही. एखाद्या महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाला एका उन्हाळी सुट्टीत दोन गावं करता येतील, इक्रिसॅटच्या जुन्या गावांपैकीच दोन घेतली तर मागच्या नोंदीही हाताशी आहेत.

वेळ संपत आली आहे, पण एक चिठ्ठी वर आली आहे, ती वाचतो. ‘जोधा गायरान वाटपाच्या विरोधात होते असं तुम्हाला म्हणायचं आहे का? ते असते तर दलितांच्या हक्काच्या विरोधात ठरतील.’

प्रश्न चांगला आहे, आणि अशी घाई होऊ नये म्हणूनच आम्ही एवढं लांबण लावलं. जोधांचा विरोध फसव्या वाटपाला होता, ज्यात गरिबाचं नाव आणि दुसऱ्याचा नांगर असतो. तो विरोध आम्हालाही मान्य आहे. आमचं म्हणणं एवढंच की न फसणारं वाटप कसं असतं हे त्यांच्या चौकटीत ओळखता येत नाही, आणि ते ओळखण्याचं साधन त्यांनी दोन वर्षांनी स्वतःच बनवलं होतं. ज्यांनी चिठ्ठी पाठवली त्यांनी शेवटी भेटावं. दोन्ही लेखांच्या झेरॉक्स आम्ही पिशवीत आणल्या आहेत, पाच-सहाच प्रती आहेत. १९८८चा आधी वाचा.